माफीचा हक्क कोणाचा?

हजला निघण्यापूर्वी आपल्याकडे माणूस घरोघर फिरतो. सोयरे, शेजारी, धंद्यातले भागीदार, ज्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही असे चुलतभाऊ, सगळ्यांच्या दारात जाऊन तो म्हणतो, 'कहासुना माफ करा.' शब-ए-बरातला, रमजानच्या तोंडावरही हे शब्द कानावर पडतात. समोरचा 'माफ केलं' म्हणतो, चहा होतो आणि विषय संपतो. रिवाज म्हणून आपण त्याकडे पाहतो आणि विसरून जातो. पण या रिवाजामागे एक कठोर विचार उभा आहे. नमाज-रोज्यात राहिलेली उणीव अल्लाह आपल्या दयेने माफ करील. माणसाने माणसाचे जे देणे लागते, ते मात्र त्या माणसानेच सोडले पाहिजे. हुकूकुल्लाह वेगळे आणि हुकूकुल इबाद वेगळे. प्रेषितांनी (स.) ज्याला खरा दिवाळखोर म्हटले, तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सारे घेऊन येतो, पण कोणाला शिवी दिलेली असते, कोणाचा माल खाल्लेला असतो, कोणाचे रक्त सांडलेले असते. त्याच्या नेक्या एकेकाला वाटून टाकल्या जातात आणि तो रिकाम्या हाताने उरतो. ही हदीस आपण जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकली आहे.

हाच विचार शब्दाला शब्द लावावा इतक्या जवळून यहुदी धर्मग्रंथांत भेटतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाविषयी नियम आहे. माणूस आणि ईश्वर यांच्यामधली पापे त्या दिवसाने धुतली जातात. माणूस आणि माणूस यांच्यामधली पापे, ज्याला दुखावले त्याचे समाधान केल्याशिवाय धुतली जात नाहीत. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी 'शनवार तेली' म्हणत, या दिवसाला 'दारफळणीचा सण' म्हणत आले. दारे लावून घ्यायची, दिवसभर उपास करायचा. त्यांच्या मराठीत उपासाला शब्द 'रोजा' असाच होता. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात आपले आणि त्यांचे पूर्वज शेजारी राहिले. आज त्यांच्यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आहेत आणि 'यहुदी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त बातम्यांतली तोफगाड्यांची चित्रे येतात. म्हणूनच यहुदी विचारवंतांशी त्यांच्या पुस्तकांतून थोडे बोलावे, असे आम्हाला वाटते. प्रश्न एकच घेऊ. माफी देण्याचा हक्क कोणाचा? आणि ज्याचा तो हक्क होता, तोच मारला गेला असेल तर?

हा प्रश्न विसाव्या शतकात सर्वांत उघडेपणाने मांडला सायमन विझेन्थाल (1908-2005) यांनी. दुसऱ्या महायुद्धात लेम्बर्ग, म्हणजे आजच्या युक्रेनमधील लव्हीव, या शहरातल्या नाझी छळछावणीत ते कैदी होते. कैद्यांची एक तुकडी कामासाठी लष्करी इस्पितळात नेली जाई. ते इस्पितळ ज्या इमारतीत होते, त्याच तंत्रशाळेत विझेन्थाल पूर्वी शिकले होते. तिथल्या एका परिचारिकेने त्यांना गुपचूप एका खोलीत नेले. खाटेवर एकवीस वर्षांचा एक जर्मन एसएस सैनिक मरणाच्या दारात पडला होता. डोळ्यांसकट सारा चेहरा पट्ट्यांनी बांधलेला. त्याचे नाव कार्ल. त्याने सांगितले की, एका शहरात त्याच्या तुकडीने दीड-दोनशे यहुद्यांना, बायकामुलांसह, एका घरात कोंबले, घर पेटवले आणि खिडक्यांतून उड्या मारणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. एका बापाने आपल्या मुलाचे डोळे झाकून उडी घेतली, ते दृश्य त्याला सोडत नव्हते. मरण्यापूर्वी त्याला कोणातरी यहुद्यापुढे हे कबूल करायचे होते आणि माफी मागायची होती. विझेन्थाल यांनी सारे ऐकून घेतले आणि एक शब्दही न बोलता ते खोलीबाहेर पडले. सैनिक त्याच रात्री वारला.

युद्ध संपले तेव्हा विझेन्थाल आणि त्यांच्या पत्नीचे मिळून 89 नातलग मारले गेले होते. पुढे आयुष्यभर त्यांनी लपलेल्या नाझी गुन्हेगारांचा माग काढला. 1946मध्ये ते कार्लच्या आईला भेटायला श्टुटगार्टला गेले. आपला मुलगा किती भला होता हे ती विधवा सांगत राहिली. विझेन्थाल यांनी तिला खरे सांगितले नाही. तिथेही ते गप्पच राहिले. पण आपले पहिले मौन बरोबर होते की चूक, हा प्रश्न त्यांना छळत होता. 1969मध्ये त्यांनी ही हकीकत 'सूर्यफूल' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केली. छावणीतून कामावर जाताना वाटेत जर्मन सैनिकांचे कबरस्तान लागे आणि तिथल्या प्रत्येक कबरीवर एकेक सूर्यफूल लावलेले असे. आपल्याला मात्र फूल सोडाच, स्वतंत्र कबरही मिळणार नाही, हा विचार तेव्हा त्यांच्या मनात आला होता. हकीकतीच्या शेवटी त्यांनी वाचकाला विचारले, 'माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?' जगभरच्या लेखक-विचारवंतांकडून त्यांनी उत्तरे मागवली आणि ती पुस्तकातच छापली. 1997च्या आवृत्तीत अशी 53 उत्तरे आहेत. त्यांत यहुदी आहेत, ख्रिस्ती आहेत, दलाई लामा आहेत, हिटलरच्या मंत्रिमंडळातला आल्बर्ट श्पेअर आहे आणि बोस्नियन मुस्लिम अभ्यासक स्माइल बालिक हेही आहेत. एका प्रश्नाभोवती इतकी माणसे बसलेली पुस्तके फार थोडी.

ही उत्तरे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ख्रिस्ती लेखकांपैकी अनेकांचा कल माफीकडे आहे. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी आपल्या देशाचा, दक्षिण आफ्रिकेचा, अनुभव पुढे ठेवला. वर्णभेदाचे बळी ठरलेल्यांनी तिथे आपल्या छळकर्त्यांना माफ केले होते. यहुदी लेखकांपैकी बहुतेकांचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे. आउश्विट्झमधून वाचलेले इटालियन लेखक प्रिमो लेव्ही यांच्या मते विझेन्थाल यांनी माफी नाकारली हे योग्यच झाले. मरतानाही त्या सैनिकाने एका यहुद्याला आपल्या मनःशांतीचे साधन म्हणून वापरले, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. वरवर पाहणाऱ्याला यात कडवटपणा दिसेल. 'ख्रिस्ती दयाळू, यहुदी कठोर' हा युरोपातला जुनाच शेराही कोणी मारील. पण या नकाराच्या मुळाशी काय आहे ते रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल (1907-1972) यांनी एका छोट्या गोष्टीतून उलगडून दाखवले.

ब्रिस्क गावचे एक विख्यात रब्बी आगगाडीने गावी परतत होते. डब्यात काही फिरते व्यापारी पत्ते खेळत होते. रब्बी खेळायला बसेनात, म्हणून एकाने चिडून त्यांना डब्याबाहेर ढकलले. गाडी ब्रिस्कला पोचली, स्टेशनवर रब्बींच्या स्वागताला गर्दी लोटली, तेव्हा त्या व्यापाऱ्याला कळले की आपण कोणावर हात टाकला. तो माफी मागू लागला. रब्बी नाही म्हणाले. तो पुन्हा पुन्हा आला. रब्बी नाहीच म्हणाले. अखेर त्यांच्या मुलाने कारण विचारले. रब्बींचे म्हणणे असे की, मी माफ करूच शकत नाही. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने अपमान केला तो गाडीतल्या एका अनोळखी, साध्या माणसाचा. त्याने त्या माणसाकडे जाऊन माफी मागावी.

ही गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. तो अनोळखी साधा माणूस सर्वांनाच विसरायला सोपा असतो. मोठ्या माणसाची माफी मागायला सगळे धावतात. हेशेल यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाची माफी तिसऱ्याला देता येत नाही, आणि यहुदी परंपरेनुसार ईश्वरही स्वतःविरुद्ध केलेलीच पापे माफ करतो. त्या पेटत्या घरात जळालेला बाप विझेन्थाल यांचा वकील नव्हता आणि विझेन्थाल त्याचे मुखत्यार नव्हते.

मग हा धर्म माफीलाच नकार देतो काय? तसे मुळीच नाही. त्यासाठी आठशे वर्षे मागे, मूसा बिन मैमून यांच्याकडे जावे लागते. युरोप त्यांना मायमोनिडीस म्हणतो, यहुदी रामबाम म्हणतात. हे कुर्तुबात जन्मले. 1148मध्ये मुवह्हिदून राजवटीने शहर घेतले आणि यहुदी-ख्रिस्ती यांना धर्म बदला किंवा निघून जा असे फर्मावले, तेव्हा हे कुटुंब परागंदा झाले. मुसलमान राजवटीने केलेला हा जुलूम होता आणि तो तसाच सांगितला पाहिजे. त्याच मूसांना पुढे मिसरमध्ये मुसलमान राजवटीतच आसरा आणि मान मिळाला. सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारात ते हकीम झाले, हेही सांगितले पाहिजे. त्यांचा तत्त्वज्ञानावरचा मुख्य ग्रंथ अरबी भाषेत, हिब्रू लिपीत आहे. 1204मध्ये ते वारले.

'मिश्ने तोरा' या आपल्या कायदेग्रंथात तौबेवर त्यांनी स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. ती वाचताना इमाम गझाली यांच्या 'इह्या'मधील तौबेच्या किताबाची आठवण पानोपानी येते. मूसा म्हणतात की नुकसानभरपाई दिली तरी पुरत नाही; ज्याला दुखावले त्याच्याकडे जाऊन त्याचे मन वळवले पाहिजे. त्याने ऐकले नाही तर तीन माणसे घेऊन जावे, पुन्हा जावे, तिसऱ्यांदा जावे. तीनदा विनवूनही तो ऐकत नसेल तर त्याला सोडावे, आता गुन्हेगार तो. मनापासून मागितलेली माफी नाकारणे हा क्रूरपणा, असे त्यांचे मत आहे. खऱ्या तौबेची कसोटीही त्यांनी सांगितली : तीच संधी, तीच ताकद पुन्हा हाती यावी आणि तरीही माणसाने ते कृत्य टाळावे. आणि ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर? दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे, मी ईश्वराचा आणि या माणसाचा अपराधी आहे, अमुक केले आहे, असे सर्वांसमक्ष सांगावे. पैशाचे देणे असेल तर वारसांना द्यावे. वारस सापडत नसतील तर न्यायालयात भरावे. यातला प्रत्येक नियम गुन्हेगाराचे पाय अन्याय झालेल्याच्या दिशेने वळवतो. दहा माणसे कशाला? कबूली चार भिंतींत, अंधारात, एका बांधून आणलेल्या कैद्याच्या कानात होऊ नये म्हणून, असे आम्हाला वाटते.

इथे दोन धर्मांमध्ये एक फरकही आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. तोरा म्हणते की खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये. कुरआन सूरह मायदामध्ये तोरातल्या जिवाला जीव या नियमाचा उल्लेख करून पुढे सांगते की जो आपला हक्क सोडील त्याच्यासाठी ते पापक्षालन ठरेल. आणि सूरह बकरामध्ये वारसाला माफीचा, दियत घेण्याचा रस्ता मोकळा ठेवते. पण याचा अर्थ वारसाने माफ केले की सगळे फिटले, असा नव्हे. इब्न कय्यिम (मृत्यू 1350) यांनी खुनात तीन हक्क गुंतलेले असतात असे सांगितले आहे : अल्लाहचा, वारसांचा आणि मारल्या गेलेल्याचा. तौबेने पहिला सुटू शकतो, वारसांच्या माफीने दुसरा. तिसरा हक्क कयामतपर्यंत शिल्लक राहतो. खुन्याची तौबा खरी असेल तर अल्लाह आपल्याकडून त्या मृताचे समाधान करील, ही आशा. म्हणजे इस्लामी फिकहमध्येही मेलेल्याचे खाते जिवंत माणसाला बंद करता येत नाही. वाट वेगळी, पण दोन्ही परंपरा येऊन थांबतात त्या एकाच कबरीपाशी.

आता हा विचार आपल्या घरात आणून पाहू. नवरा वारतो. मय्यत उचलायची असते आणि चार बायका त्या रडणाऱ्या विधवेला म्हणतात, 'मेहर माफ कर, त्याची वाट सोपी होईल.' ती काय म्हणणार? बहीण वारसाहक्काचा वाटा भावांना 'राजीखुशीने' सोडते, कारण वाटा घेतला तर माहेर तुटेल. त्या दोघींच्या तोंडून जे वदवून घेतले जाते, त्याला माफी म्हणावे काय? जिला नाही म्हणण्याची मुभाच नाही, तिच्या 'हो'ला किंमत काय? ब्रिस्कच्या रब्बींच्या गोष्टीतला डब्याबाहेर ढकललेला अनोळखी माणूस आपल्या घरात असाच उभा आहे. मेहर हे कर्ज आहे आणि शहीदालाही कर्ज माफ होत नाही, ही शिकवण त्या बायकांनाही ठाऊक असते. कर्ज फेडण्याऐवजी कर्ज देणाऱ्याला गप्प करणे हा दुसरा अन्याय होय.

घराबाहेर हा प्रश्न अधिक अवघड होतो. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993च्या मुंबईतील दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार 900 माणसे मेली. त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. 12 मार्च 1993च्या बॉम्बस्फोटांत 257 जणांचा जीव गेला. तेव्हापासून आपल्याला दोन सल्ले ऐकू येतात. एक म्हणतो, झाले गेले विसरा, माफ करा, पुढे चला. दुसरा म्हणतो, स्फोट हे दंगलीचे उत्तर होते, हिशेब मिटला. आम्हाला वाटते, या दोन्ही सल्ल्यांत एकच दोष आहे. दोघेही मेलेल्यांच्या खात्यावर परस्पर सही करतात. दंगलीत जाळल्या गेलेल्या माणसाच्या वतीने कोणा पुढाऱ्याला, मौलवीला, लेखकाला माफी देता येत नाही. आणि त्याच माणसाच्या वतीने, दुपारी बाजारात निघालेल्या एखाद्या अनोळखी माणसाचा जीव तर मुळीच घेता येत नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असे कुरआन सांगते. बापाच्या पापाची शिक्षा मुलाला नाही, असे यहुद्यांच्या प्रेषित हिझकीलच्या ग्रंथात आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये मारल्या गेलेल्याच्या वारसाला हक्क दिला आहे आणि त्याच आयतीत हद्द ओलांडू नकोस असे बजावलेही आहे. त्या 257 जणांचे देणे त्या 900 जणांच्या खात्यावर वळते करता येत नाही. प्रत्येक मृताचे खाते वेगळे.

वाचकांपैकी अनेकांच्या ओठांवर आता गाझा हा शब्द आला असेल. तो टाळून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारोंच्या संख्येने माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले किती होती ते जगाने पाहिले. या युद्धाच्या समर्थनासाठी नाझींनी मारलेल्या साठ लाख यहुद्यांचे नाव घेतले जाते, तेव्हा विझेन्थाल यांचेच पुस्तक समोर धरावेसे वाटते. ज्यांच्या नावाने माफी देता येत नाही, त्यांच्या नावाने परवाना तरी कसा मिळतो? हे आम्ही बाहेरून म्हणत नाही. धर्मनिष्ठ यहुदी विचारवंत येशायाहू लाइबोविट्झ (1903-1994) यांनी 1967च्या युद्धानंतर लगेचच आपल्या देशबांधवांना बजावले होते की दुसऱ्या लोकांवर राज्य करणे इस्रायलला आतून सडवील. ते मरेपर्यंत हेच सांगत राहिले आणि त्यासाठी शिव्या खात राहिले. आपल्या बाजूनेही तोच नियम लागू आहे. गाझातील मुलांच्या नावाने जगातल्या कुठल्याही सिनेगॉगवर दगड मारता येत नाही. जून 1941मध्ये बगदादमध्ये दीडशेहून अधिक यहुदी त्यांच्याच शहरात मारले गेले. काही मुसलमान शेजाऱ्यांनी यहुद्यांना आपल्या घरांत लपवलेही. ते मृतही कोणाच्या तरी खात्यावर आहेतच.

मग जिवंतांच्या हाती काय उरते? मूसा बिन मैमून यांनी सांगितलेलेच उरते : साक्षीदारांसमोर खरे बोलणे, वारसांचे देणे देणे आणि पुन्हा संधी आली तरी ते न करणे. 7 डिसेंबर 1970 रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सामधील यहुदी स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. ते स्वतः नाझींचे विरोधक, परागंदा झालेले. त्यांनी कोणाकडे माफी मागितली नाही, कारण देणारे कोणी तिथे नव्हते. ते फक्त कबरीपाशी गेले. आपल्या देशात ऑगस्ट 2005मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी 1984च्या शीखविरोधी हत्याकांडाबद्दल राज्यसभेत शरमेने मान झुकवली. त्याने कोणी परत आले नाही. तरीही असा एखादा क्षण इतर अनेक हत्याकांडांच्या वारसांच्या वाट्याला आजवर आलेला नाही, हे ध्यानात घेतले की त्याचे मोल कळते.

माफी ही थोर गोष्ट आहे. जो स्वतःवरचा अन्याय स्वतःच्या मर्जीने माफ करतो, त्याचा दर्जा अल्लाहपाशी मोठा आहे, याविषयी आम्हाला शंका नाही. पण ती थोरवी त्याची एकट्याची आहे. ती त्याच्याकडून उसनी घेता येत नाही, हिसकावून घेता येत नाही आणि तो गेल्यावर त्याच्या नावाने वाटताही येत नाही. म्हणून कोणी हजला निघताना दारात येऊन 'कहासुना माफ' म्हणाला, तर 'माफ केलं' म्हणण्याआधी त्याला विचारायला हरकत नाही : बहिणीच्या दारात जाऊन आलास का? तिचा वाटा देऊन आलास का?